मोरीकडे गेलेली मुंग्यांची रांग

वडिलांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापला, त्याला आता काही महिने झाले. कोणी भेटायला आलं की आई सांगते, "साखर व्हती म्हणं अंगात. कळलंच न्हाई कुणाला." हे खोटं आहे. कळलं होतं. आमच्या घरात ते सगळ्यांत आधी एका दहा वर्षांच्या मुलीला कळलं. तिला ते मुंग्यांनी दाखवलं. तिनं ते कागदावर लिहून माझ्या हातात दिलं आणि मी त्यावर लाल पेनानं काट मारली.

मी पत्रकं लिहिते. पत्रकात दोष कुणाचा हे पहिल्या चार ओळींत आलं पाहिजे, नाहीतर माणूस कागदाचा बोळा करून गटारीत टाकतो, हे आम्हाला शिकवलेलं आहे. म्हणून आधीच सांगून टाकलं.

मी नांदेडला राहते. विज्ञानाचा प्रसार करणाऱ्या एका लहानशा गटात काम करते. गट म्हणजे सहा-सात जण, एक भाड्याची खोली आणि एक फोटोकॉपीचं मशीन, तेही पाऊण वेळ बंद. कंधारपासून निलंग्यापर्यंत एसटीनं फिरायचं, शाळेच्या पटांगणात लिंबातून रक्त काढून दाखवायचं आणि मग ते रक्त नाही, रंग आहे, हे सांगायचं. पोरं टाळ्या वाजवतात. मास्तर लोक चहा पाजतात आणि हळूच विचारतात, "ते सगळं ठीक हाय मॅडम, पण आमच्या गावातल्या बाबाचं वेगळं हाय बरं का." असल्या माणसांचा मला संताप येतो. तो लपवायची मला सवय नाही.

माझं सगळ्यांत जास्त वाटलं गेलेलं पत्रक म्हणजे 'खरं की खोटं?' एका पानावर दोन रकाने. डावीकडे लोक काय म्हणतात, उजवीकडे आम्ही काय म्हणतो. मांजर आडवं जाणं, पाल चुकचुकणं, डोळा फडफडणं. मुंग्यांच्या दोन ओळी होत्या. काळ्या मुंग्या घरात आल्या की लक्ष्मी येते, खोटं. लाल मुंग्या आल्या की भांडण होतं, खोटं. ते पत्रक मी एका बैठकीत लिहिलं आणि मला त्याचा फार अभिमान होता.

माझ्याहून जास्त अभिमान बाबांना होता. बाबा म्हणजे माझे वडील, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले मेकॅनिक. आमच्या घरात देव्हारा नाही. आजोबांच्या पिढीनं धम्म घेतला तेव्हा देव गाठोड्यात बांधून नदीत सोडले, ही गोष्ट बाबांनी आम्हा दोघी बहिणींना इतक्या वेळा सांगितली आहे की ते गाठोडं मीच बांधलं असं मला वाटायचं. "आपण ते सोडलं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नवस, उतारा, कोणी लिंबू ओवाळलं, काहीही निघालं की, "आपण ते सोडलं." आणि इंजिनाबद्दल बोलताना दुसरं वाक्य, "खोलून बगितल्याबिगर बोलू ने." लातूरच्या आमच्या गल्लीत माझं पत्रक त्यांनी घरोघर दिलं होतं. लग्नपत्रिका वाटावी तसं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी पोरांसाठी एक उपक्रम काढला. 'घरातल्या मुंग्या : दहा दिवस, दहा पानं.' खर्च काही नाही. बाटलीची चार टोपणं घ्यायची. एकात साखर, एकात गूळ, एकात शेंगदाण्याचा कूट, एकात भाताची शितं. टोपणं उंबऱ्याजवळ ठेवायची आणि कोणत्या टोपणाशी किती मुंग्या येतात ते मोजायचं. मग रांगेवर ओलं बोट फिरवायचं आणि मुंग्या काय करतात ते बघायचं. वहीच्या कव्हरवर मी नियम लिहिले होते. मुंगी मारायची नाही. ऐकलेलं लिहायचं नाही, बघितलेलं लिहायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची. हे तिन्ही नियम माझे आहेत. माझ्याच अक्षरात आहेत.

माझी भाची तेव्हा लातूरला आली होती. ताई मुरुडला राहते, सुट्टी लागली की पोरगी आजी-आबांकडे. तिला मी एक वही दिली. गल्लीतल्या आणखी बारा पोरांना दिल्या आणि नांदेडला परत गेले.

तिची पहिली चार पानं मी नंतर इतक्या वेळा वाचली आहेत की पाठ झाली आहेत. "आज गुळाला चाळीस मुंग्या, साखरेला एकतीस. कुटाला सहा पण त्या मोठ्या होत्या. भाताला कोणी विचारले नाही." आणि, "मी बोट फिरवले. सगळ्या थांबल्या. बस चुकल्यावर लोक करतात तसे करू लागल्या. मग एकीने उडी मारल्यासारखे केले आणि पलीकडे गेली. मग सगळ्या गेल्या." दहा वर्षांच्या पोरीनं लिहिलेलं आहे हे. आमच्या गटातल्या पदवीधरांना असं लिहिता येत नाही.

पाचव्या पानावर, "आज साखरेकडे कोणी आले नाही. गुळाकडे पण तीनच."

सहाव्या पानावर चित्र. स्वयंपाकघराची खिडकी, खिडकीतून भिंतीवर, भिंतीवरून अंगणात, पाण्याच्या ड्रमच्या कडेनं, थेट मागच्या मोरीच्या कोपऱ्यात. रांगेला बाण काढलेले. कोपऱ्यात पेन्सिलनं गिरवून काळं केलेलं, म्हणजे खूप मुंग्या. खाली लिहिलं होतं, "इथे आबा लघवीला बसतात."

हे लातूर आहे, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. नळाला पाणी आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी. घरात संडास होता, पण लघवीला बाबा तिथे जायचे नाहीत. "एका माणसाच्या मुतासाठी बकेटभर पानी? लातुरात?" ते मोरीच्या कोपऱ्यात बसायचे आणि वरून अर्धा तांब्यासुद्धा टाकायचे नाहीत. आई ओरडायची. ते म्हणायचे, "ऊन हाय की, वाळतंय." पाणी वाचवण्याचा त्यांना आनंद होत असे. आणि पाणी पडत नव्हतं म्हणूनच मुंग्यांना तिथलं सापडत होतं.

सातवं पान असं आहे. "मोरीत आजी बसत नाही. मी आजीला विचारले, बस का, तर तिने मला बेलणे दाखवले. म्हणून मी स्वतः बसले. आबांच्या जागेपासून एक हात लांब. सकाळी एकदा, दुपारी एकदा. माझ्या शूला एकही मुंगी आली नाही. आबांच्या इथे मोजता येत नाहीत इतक्या आहेत. म्हणून हे शूमुळे नाही, आबांमुळे आहे."

एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची. तिनं बदलून बघितली होती.

रविवारी मी वह्या गोळा करायला लातूरला आले. दुपारी विहारात पोरांना प्रमाणपत्रं द्यायची होती. बाबा अंगणात बसून शेजाऱ्यांचा मिक्सर खोलत होते. शेजारी पाण्याचा लोटा. पलीकडच्या घरातल्या खाला कढीपत्ता घ्यायला आल्या होत्या आणि आईशी बोलत दारातच टेकून उभ्या होत्या. खाला म्हणजे बाबांच्याच वर्कशॉपमध्ये टिनकाम करणाऱ्या मिस्त्रींची बायको. तीस वर्षांचा शेजार. मी वही वाचली आणि भाचीला हाक मारली.

"हे काय लिहिलंस गं?"

"बगितलं ते."

"मी साखर, गूळ, कूट, भात सांगितलं होतं ना?"

"साखरंकडं येईनात त्या. मी काय करू मावशी, धरून आणू?"

आई तोंडाला पदर लावून हसायला लागली. मी सातवं पान तिच्यासमोर धरलं. "आणि हे? तू मोरीत जाऊन बसलीस? दहा वर्षांची घोडी झालीस."

"तूच म्हणलीस ना, एकच गोष्ट बदलायची. जागा तीच, मानूस बदललं."

"जागा एक हात लांब होती की," मी म्हटलं. काय बुद्धी माझी! तिच्या प्रयोगातली खोट काढत होते.

तेवढ्यात खाला म्हणाल्या, "अगे बेटा, वो बच्ची बराबर बोल रही. पेशाब को चींटी लगी तो शक्कर समझो. हमारे अब्बा को भी ऐसेच था. दिखा दो एक बार डॉक्टर को."

बाबांचे हात मिक्सरवर थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मला आता कळतो. ते विचारत होते. खोलून बघायचं का, असं विचारत होते.

आणि मी भाषण दिलं. घरात, आईच्या, खालांच्या आणि पोरीच्या समोर. मुंगी कुठेही जाते, म्हटलं. ओल असली की जाते. मुंगीला डॉक्टर करून ठेवायचं, कावळ्याला पोस्टमन करून ठेवायचं, यातूनच हा मुलूख असा राहिला. रोग आहे की नाही हे प्रयोगशाळा सांगते, मुंगी नाही. खाला, तुम्ही मोठ्या आहात, पण असलं पोरांच्या कानावर घालू नका. शब्द एकही अडखळला नाही. शेकडो वेळा म्हटलेलं होतं.

प्रयोगशाळा सांगते, असं मी म्हटलं. मग चला प्रयोगशाळेत, असं म्हटलं नाही. चौकातली लॅब आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर आहे.

लघवीत साखर उतरली की मुंग्या येतात. यात चमत्कार नाही, शकुन नाही. मुंगी गोडाकडे जाते एवढंच आहे, म्हणजे माझ्याच उपक्रमाचं पहिलं पान आहे. ज्या काळात लॅब नव्हत्या त्या काळातल्या लोकांनी डोळे उघडे ठेवून बघितलेली गोष्ट. पण ती एका म्हाताऱ्या बाईच्या तोंडून आली, दारात उभं राहून आली, 'अब्बा को भी ऐसेच था' म्हणून आली. मी तिला मांजर आणि पालीच्या रकान्यात टाकलं. वर्षानुवर्षं दोनच रकाने भरले की तिसरा दिसत नाही.

बाबा म्हणाले, "न्हाई न्हाई, भाभी. आपण ते सोडलं." आणि मिक्सरचा स्क्रू पिळायला लागले.

खालांनी कढीपत्ता पदरात घेतला. "तुमची मर्जी," म्हणाल्या आणि गेल्या.

मी लाल पेन काढलं. सहावं आणि सातवं पान, दोन्हींवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत काट. खाली शेरा, 'विषयाला सोडून. घरातल्या माणसांबद्दल असं लिहू नये.' मग आईकडून फिनेलची बाटली घेतली आणि मोरीचा कोपरा स्वतः धुतला. चांगलं बकेटभर पाणी वापरून. बाबा "अगं, अगं" म्हणत होते. रांग वाहून गेली. काही मुंग्या भिंतीवर चढल्या, काही फरशीच्या फटीत वळवळून आखडल्या. भाची ड्रमला टेकून बघत होती.

"मारायची न्हाई, हे तूच ल्हिलं व्हतंस," ती म्हणाली.

"ही स्वच्छता आहे," मी म्हणाले.

विहारात बारा पोरांना प्रमाणपत्रं दिली. तिला दिलं नाही. स्वतःच्या भाचीला दिलं असतं तर लोक म्हणाले असते, घरच्यांना देते. शिवाय वही अपुरी होती. माझ्या काट मारण्यानं अपुरी होती. ती मागच्या रांगेत बसून बाकीच्यांसाठी टाळ्या वाजवत होती.

त्या दिवसानंतर आईनं मोरीत पाणी टाकायचा नियमच केला. बाबा बसून उठले की तांब्याभर पाणी, वरून फिनेलचे थेंब. "बाईनं सांगितलंय," म्हणायची. बाई म्हणजे मी. मुंग्या परत आल्या नाहीत. बाबा वाळत चालले, पँटच्या पट्ट्याला नवं भोक पाडलं. आई म्हणायची, उन्हाळा हाय, दात गेलेत, जेवण कमी झालंय. रात्री चार-चारदा उठायचे. वय झालं म्हणून. पाण्याचा लोटा हातातून सुटेना. लातूरच्या उन्हाळ्यात कुणाच्या हातातून सुटतो? प्रत्येक गोष्टीला एक खरं वाटणारं उत्तर होतं. मी फोनवर ही उत्तरं ऐकायची आणि हो म्हणायची.

खालांनी नंतर मला सांगितलं, की त्यांनी पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा बाबांना म्हटलं होतं. भाईसाब, एक बार खून दिखा लो. तर बाबा आत गेले आणि माझं पत्रक घेऊन आले. "भाभी, हे वाचा. आमच्या बाईनं ल्हिलंय." खालांना मराठी वाचता येत नाही. बाबांनी त्यांना उभं राहून सगळं पत्रक वाचून दाखवलं.

मे महिन्यात गल्लीत टँकर आला. भर दुपारी. टँकर आला की पळापळ असते, पाइप कुणाचा आधी लागतो यावरून भांडणं होतात. बाबा अनवाणीच गच्चीवर गेले, टाकीत पाइपचं तोंड धरून उभे राहिले. खालून आई ओरडत होती, "आवं, चप्पल तरी घाला!" ते वरून ओरडले, "काय बी पोळत न्हाई! तू मोटार बघ!" टाकी भरेपर्यंत, वीस-पंचवीस मिनिटं, लातूरच्या मेमधल्या गच्चीवर ते अनवाणी उभे होते. खाली आल्यावर उजव्या तळव्याला फोड आलेले आईनं बघितले. त्यांना दुखत नव्हतं. ते हसले. "बग, वर्कशॉपचं चामडं हाय. गरम सायलेन्सर पकडलाय या हातापायानं." आईनं ही गंमत मला फोनवर सांगितली. मी पण हसले.

साखरेनं पायाची जाणीव गेलेली असते, म्हणून पोळलेलं कळत नाही. हे मला आता माहीत आहे. मला आता सगळं माहीत आहे.

फोड फुटले. हळद लावली, पावडर लावली. आईचा दुसरा फोन आला तेव्हा मी कंधारला एका शिबिरात होते. म्हटलं, मलम लाव, शिबिर संपलं की येते. शिबिराचा विषय 'आरोग्य आणि अंधश्रद्धा' होता. नऊ दिवसांनी घरी आले तेव्हा दार उघडायच्या आधी वास आला. बाबांनी पाय चादरीखाली घेतला, जसं लहान पोरगं फुटलेला कप लपवतं. "काय न्हाई गं, जरासं पाणी येऊन राहिलंय."

दवाखान्यात बोटाला सुई टोचली. नर्सनं मशीनवरचा आकडा बघितला, मशीन झटकलं, दुसऱ्या बोटाला टोचून पुन्हा बघितला. मग डॉक्टर आले. तरुण होते, माझ्याच वयाचे, दमलेले. त्यांनी विचारलं, "किती महिन्यांपासून हाय हे? घरात कुणालाच शंका आली नाही का?"

आई माझ्याकडे बघत नव्हती. आईला तो रविवार आठवत नव्हता, हे मला नंतर कळलं. तिच्यासाठी ती पोरीनं मोरीत केलेली एक गंमत होती.

"नाही," मी म्हणाले. "कुणालाच नाही."

आधी करंगळी आणि शेजारचं बोट. मग अर्धं पाऊल. मग डॉक्टर म्हणाले, आता वरून घ्यावं लागेल, नाहीतर माणूस जाईल. बाबांनी सहीसाठी पेन मागितलं. मेकॅनिक माणूस. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हंजे पार्ट सडला, तर जोडाला लागायच्या आत काढायचा. असंच ना?" डॉक्टर म्हणाले, असंच. "मग काढा," म्हणाले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा उठून बसले तेव्हा त्यांचा हात चादरीवरून खाली सरकत गेला आणि जिथे पाय संपला तिथे थांबला. तिथून पुढची चादर त्यांनी हातानं सपाट केली. दोन-तीनदा केली.

मी नांदेडला परत आले आणि पत्रक लिहायला घेतलं. पाण्यावर लिहिता येतं. आठ-दहा दिवसांतून एकदा पाणी देणाऱ्या शहरात माणूस टँकरमागे अनवाणी पळतो, यावर लिहिता येतं. फुकट तपासणीवर, गोळ्यांच्या किमतीवर लिहिता येतं. सगळं खरं आहे आणि सगळ्यावर संतापायला पाहिजे. तीन वेळा सुरुवात केली. तिन्ही वेळा त्या रविवारपाशी आले आणि पेन पुढे जाईना. ज्या पत्रकात दोषी माणसाचं नाव घालता येत नाही ते पत्रक मी आजवर फाडून टाकत आले आहे. ही तिन्ही फाडली.

दिवाळीच्या सुट्टीत भाची लातूरला आली. मी पण गेले. ती बदलली होती. जास्त बोलत नव्हती, आबांच्या कुबड्या आणून दे, गोळ्या काढून दे, असलं निमूट करत होती. एकदा आम्ही दोघीच गच्चीवर कपडे वाळत घालत होतो.

"मावशी, माझी वही तुझ्याकडंच हाय का?"

"हो."

"फाडलीस?"

"नाही."

ती चिमटे लावत राहिली. मग मी विचारलं, जे मला महिनोन्‌महिने विचारायचं होतं. "तू कुणालाच का नाही सांगितलंस? दवाखान्यात असताना? तुझ्या मम्मीला?"

"काय सांगायचं? तू खोडलं व्हतं ना. मला वाटलं, माझं चुकलं." तिनं पुढचा कपडा झटकला. "मी घरी मुरुडला पण करून बघितलं. पप्पांना सांगितलं, हितं बसा म्हून. पप्पांनी मारलं. मग मी ते सोडलं."

एका पोरीनं बघायचं सोडलं. कुठल्या बाबा-बुवानं सोडायला लावलं नव्हतं. विज्ञान शिकवणाऱ्या बाईनं लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वही घेऊन मी बाबांपुढे बसले. ते अंगणात खुर्चीवर होते, उजव्या मांडीखाली उशी. जे घडलं ते मी सांगितलं, तुम्हाला इथे सांगितलं तेवढ्याच शब्दांत. आई भाजी निवडत होती, तिचे हात थांबले. बाबा ऐकत होते. इंजिनाचा आवाज ऐकताना मान जरा तिरकी करायचे, तशी केली होती.

"वाचून दाखव म्हनावं तिला," ते म्हणाले.

भाचीनं वही घेतली. लाल काटीखालचं वाचताना ती अडखळत होती, अक्षरं झाकली गेली होती. आजीनं बेलणं दाखवलं तिथे बाबा हसले. ती स्वतः बसली तिथे तर मोठ्यानं हसले, पोट हलेपर्यंत. "तू बी बसलीस? दोनदा?" डोळे पुसले. "आणि तुला एक बी मुंगी न्हाई आली?"

"एक पण न्हाई, आबा."

"शाबास. बराबर केलंस. पन एक चुकलं तुझं. त्या दिवशी मी सकाळी तीनदा गेलो व्हतो, तू ते ल्हिलं न्हाईस. तीनदा जायाचो मी, रोज. दुपारपतुर सहादा." त्यांनी बोटानं वहीकडे खूण केली. "ल्ही आता. तारीख काय हाय त्या पानावर?"

तिनं तारीख वाचली. एप्रिलमधली.

बाबा बोटांच्या पेरांवर मोजायला लागले. त्या तारखेपासून टँकरच्या दिवसापर्यंत. एका हाताची पेरं संपली, दुसऱ्या हातावर गेले. मोजून झाल्यावर अंगठा शेवटच्या पेरावर तसाच ठेवला.

मग माझ्याकडे बघून विचारलं, अगदी साधं, एखाद्या गाडीबद्दल विचारावं तसं.

"म्हंजे तवा माझा पाय धड व्हता?"

"हो, बाबा."

"हां," ते म्हणाले.

भाची पेन घेऊन थांबली होती. "आबा, सहादा म्हून लिहू?"

"ल्ही, माय," ते म्हणाले. "बाईनं खोडलंय त्याच्या वर ल्ही. मोठ्या अक्षरात."